वंशावळ प्रकल्प : कामाच्या नोंदी (नाशिक, जून ते नोव्हेंबर २०२५)

२ जून २०२५

काम सुरू. पहिल्याच बैठकीत "घराण्याचा संपूर्ण इतिहास" हे उद्दिष्ट खोडले. त्याला शेवट नसतो, आणि आधी कोणत्या दप्तरात जायचे हेही त्यावरून ठरत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न लिहिले. एक, १९०० च्या सुमारास निफाड तालुक्यातल्या मूळ गावी जमीन कसणारा पूर्वज कोण आणि त्याचा बाप कोण? दोन, एक शाखा जुन्या नाशकात कधी आणि का आली? तीन, या दोन-तीन पिढ्यांतल्या लेकी कोणत्या गावांत दिल्या?

शोध आडनावाने करायचा नाही, गाव आणि जमीन धरून करायचा. जुन्या महसुली कागदात बहुतेक वेळा आडनाव नसतेच. नाव, "बिन" आणि बापाचे नाव, जात, मौजे अमुक, एवढेच असते. पुढे शाळेत घालताना मास्तरांनी एका भावाला गावावरून "-कर" लावले आणि दुसरा "पाटील" राहिला, असे घरोघर आहे. आडनावावर विसंबले की निम्मी भावकी पहिल्याच दिवशी सुटते.

कामाची वाटणी चौघांत: मुलाखती, महसुली दप्तर, मोडी वाचन, आणि नोंदवही. नोंदवही सांभाळणाऱ्याने कुठे जायचे नाही. पुराव्याचा पत्ता नसलेली माहिती परत पाठवणे हेच त्याचे काम.

शोधवहीचे रकाने: दिनांक, काय शोधले, कोणत्या दप्तरात, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत पाहिले, काय मिळाले, काय मिळाले नाही, छायाचित्र क्रमांक. "मिळाले नाही" हा रकाना रिकामा सोडायचा नाही. तो रिकामा राहिला की तीन महिन्यांनी दुसरा कोणीतरी तेच रजिस्टर पुन्हा पहिल्या पानापासून चाळतो.

या नोंदींत माणसांची नावे नाहीत, फक्त व्यक्ती क्रमांक आहेत.

९ जून

घरातले कागद. ट्रंक, देव्हाऱ्याखालचा कप्पा, माळा आणि जुन्या पंचांगांच्या घड्या मिळून १४३ कागद आणि ६१ छायाचित्रे. क्रमांक कागदावर लिहिला नाही, पाकिटावर लिहिला, तोही पेन्सिलने.

सर्वात कामाच्या निघाल्या लग्नपत्रिका. लोक त्या टाकून देतात. "यांची नात", "ज्येष्ठ चिरंजीव", "कनिष्ठ कन्या" यांतून पिढी आणि भावंडांतला क्रम कळतो. खाली "आपले विनीत"मध्ये हयात चुलते वयाच्या क्रमाने बसवलेले असतात आणि नावामागे "कै." आले की निदान त्या तारखेआधी माणूस गेला होता एवढे पक्के होते. एकाच घरातल्या १९५८, १९६४ आणि १९७१ च्या तीन पत्रिका शेजारी ठेवल्या, तेव्हा दोन मृत्यूंचा काळ सहा-सात वर्षांच्या पट्ट्यात आला.

जन्मपत्रिका चार. त्यांत शके, संवत्सर, तिथी, वार आणि नक्षत्र असल्याने तारीख स्वतःच तपासता येते. तिथी आणि वार जुळले नाहीत तर नक्कल करणाऱ्याची चूक धरायची.

स्कॅन: कागद ३०० डीपीआय, छायाचित्रे ६००, मूळ प्रत टिफ, वाटायची प्रत जेपेग. छायाचित्राची मागची बाजूही स्कॅन करायची, कारण स्टुडिओचा शिक्का आणि शाईतली ओळ तिथेच असते. चिकट पानांच्या अल्बममधून चार फोटो ओढून काढताना एकाचा कोपरा फाटला. बाकीचे पानासकट स्कॅन केले. अगदीच काढायचा झाला तर दात साफ करायचा बारीक दोरा फोटोखालून हळूहळू करवतीसारखा फिरवायचा. गंजलेल्या टाचण्या काढल्या. सेलोटेप मात्र ओढली नाही, तिच्याबरोबर अक्षरे निघून येतात.

१७ जून

क्रमांकपद्धती ठरवताना अर्धा दिवस गेला, पण हे काम उशिरा केले तर महिनाभराचे होते.

मूळपुरुष १, त्याचे मुलगे १.१, १.२, नातू १.१.१ अशी उतरती पद्धत वाचायला सोपी. तिची अडचण अशी की उद्या मूळपुरुषाचा बाप सापडला तर खालचे सगळे आकडे बदलतात. चढत्या पद्धतीत आपण १, बाप २, आई ३, म्हणजे कोणाच्याही आकड्याची दुप्पट केली की त्याचा बाप, त्यात एक मिळवला की आई. ती सरळ पूर्वजांना चालते, पण भावंडांना त्यात जागा नाही. म्हणून प्रत्येक माणसाला कायमचा, अर्थशून्य क्रमांक दिला: व्य-००१, व्य-००२. उतरता आकडा फक्त छापील तक्त्यावर, तोही शेवटी.

नावासाठी एक रकाना पुरत नाही. स्त्रियांना माहेरचे नाव, माहेरचे आडनाव, सासरचे नाव आणि सासरचे आडनाव असे चार रकाने दिले. लग्नात नाव बदलायची रीत असल्याने एकच बाई दोन कागदांत दोन बाया होऊन येते. पुरुषांना पाळण्यातले, शाळेतले आणि हाकेचे, असे तीन.

सगळ्यात मोठा खड्डा: आजाचे नाव नातवाला. त्यामुळे तेच नाव आणि तेच बापाचे नाव एक पिढी सोडून पुन्हा येते. नियम केला की एकाच नावाच्या दोन नोंदींत ३० वर्षांहून अधिक अंतर असेल तर दुसरा पुरावा मिळेपर्यंत ती दोन माणसे धरायची, एक नाही.

संगणकात ग्रॅम्प्स ही वंशावळीची मोफत प्रणाली घेतली. माहिती बाहेर काढताना गेडकॉम फाइल (वंशावळीच्या देवघेवीचा ठरलेला प्रकार) यूटीएफ-८ मध्येच काढायची, नाहीतर देवनागरी नावांची प्रश्नचिन्हे होतात.

२६ जून

मुलाखती सुरू. वय ७८ ते ९१, पाच जण. आधी प्रत्येकाला एकटे, मग दोघांना एकत्र. उलट क्रमाने केले तर जो मोठ्याने बोलतो त्याचीच आठवण सगळ्यांची होते. एक बैठक ४५ मिनिटांची. "कोणत्या साली?" हा प्रश्न बंद, कारण उत्तर म्हणून अंदाज येतो आणि वहीत मात्र तो साल म्हणून बसतो. त्याऐवजी अलीकडे की पलीकडे विचारायचे: ६९ च्या पुराच्या आधी की नंतर? ७२ च्या दुष्काळात ती सासरी होती का? ओझरचा विमान कारखाना (१९६४) आला तेव्हा कोण नोकरीला लागले? १९५६, १९६८ आणि १९८० च्या सिंहस्थांपैकी कोणत्या वेळी पाहुणे उतरले होते?

व्य-०१६ बद्दल तिघांनी "साथीत गेला" एवढेच सांगितले. दोघांच्या मते गाठीचा प्लेग, एक म्हणतो मानमोडी. प्लेग १८९६ नंतर वर्षानुवर्षे येत राहिला, मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएंझा. मधल्या फरकात एक पिढी बसते. शेरा: "ऐकीव, दोन मते."

८ जुलै

सातबारा उलटा वाचत मागे जायचे काम. क्रम असा ठेवला.

आजचा सातबारा महाभूलेखवर पाहिला. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो, पण शोधाला बिनसहीचा चालतो. भोगवटादाराच्या नावाशेजारी फेरफार (हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांक असतो आणि खाली "जुने फेरफार क्रमांक" अशी रांग असते. शोधाची खरी किल्ली ही रांग, नावे नव्हेत. सगळे क्रमांक उतरवून प्रत्येक फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, मागवायचा. वारसाच्या फेरफारात मयताचे नाव, मृत्यूची तारीख किंवा निदान वर्ष, वारसांची नावे, नाते, वय आणि अर्जदार कोण हे येते. नाशिक जिल्ह्याचे बरेच जुने हस्तलिखित अभिलेख "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर स्कॅन होऊन आले आहेत. जे तिथे नाहीत त्यांच्यासाठी तहसीलचा अभिलेख कक्ष.

हस्तलिखित सातबाऱ्यात कमी झालेल्या नावाला कंस करतात आणि ज्या फेरफाराने ते कमी झाले त्याचा क्रमांक वर्तुळात लिहितात. कंसातली नावे आधी वाचायची. शोध त्यांचाच असतो.

नेहमी अडणाऱ्या खुणा: "अ.पा.क." म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) वारसाचा पालनकर्ता, पुढचे नाव बहुधा आईचे किंवा चुलत्याचे. "ए.कु.पु." म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी, म्हणजे नाव एकाचे आणि हक्क अनेकांचा. "कोम" आणि "भ्रतार" यांच्यापुढे नवऱ्याचे नाव येते, "बिन" आणि "वलद" यांच्यापुढे बापाचे. "कोम" पुढचे नाव बापाचे समजून बाईला नवऱ्याची बहीण केल्याचे नमुने घरोघरच्या तयार वंशावळीत पाहिले आहेत.

आज हाती आलेल्या सर्वात जुन्या पानावर व्य-०१४ आणि व्य-०१५ या भावांची नावे, प्रत्येकापुढे "५ आणे ४ पै". इथे थांबलो. सोळा आणे म्हणजे पूर्ण हक्क आणि १२ पैंचा एक आणा, म्हणून ५ आणे ४ पै हा बरोबर तिसरा हिस्सा. दोन भावांच्या वाटणीत ८-८ आणे आले असते. तिसरा हिस्सेदार कंसातल्या, शाई पसरलेल्या ओळीत आहे. नाव वाचता येत नाही, वर्तुळातला फेरफार क्रमांक वाचता येतो. कोणाच्या पुढे २ आणे ८ पै दिसले असते तर तिसऱ्या हिश्श्याचे पुन्हा दोन वाटे झाले असे धरावे लागले असते. हिश्श्याचा हिशेब न मांडता पुढच्या पानावर जाऊ नये.

१५ जुलै

गट क्रमांकाने मागे जाता येईना. कारण ठरलेले: एकत्रीकरण. १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली गावोगाव योजना झाली, तेव्हा जुन्या सर्व्हे नंबरांचे गट झाले. जुना नंबर कळायला उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा मागवला. ताळा क्षेत्रावरून करायचा. जुना सर्व्हे ४ एकर २० गुंठे, म्हणजे १८० गुंठे, म्हणजे सुमारे १ हेक्टर ८२ आर. गटाचे क्षेत्र १.८२ च्या आसपास नसेल तर तुकडा जोडला किंवा तोडला गेला आहे, आणि मग शेजारच्या गटाचेही कागद लागतात.

२४ जुलै

नकलेचा अर्ज. पहिला अर्ज "आमच्या कुटुंबाचे सर्व जुने उतारे मिळावेत" असा लिहिला होता. तो परत आला, आणि तो परत येणेच योग्य होते. दुसऱ्या अर्जात गाव, तालुका, सर्व्हे नंबर, फेरफार क्रमांक, अंदाजे वर्ष आणि नमुन्याचे नाव लिहिले, एका अर्जात एकच गाव, वर कोर्ट फी स्टॅम्प. मिळाले.

१९३१ च्या फेरफारात व्य-०१२, म्हणजे व्य-०१४ आणि व्य-०१५ चा बाप, मयत. वारस: दोन मुलगे, आणि "मयत मुलाचा मुलगा, अज्ञान, अ.पा.क. आई". म्हणजे साथीत गेलेला व्य-०१६ हा तिसरा भाऊ, बापाच्या आधीच गेलेला, आणि त्याचा मुलगा व्य-०२१ हा १९३१ मध्ये अठराच्या आत. तो जन्मला १९१३ नंतर. पाठोपाठ १९४३ चा फेरफार: हाच हिस्सा खरेदीने थोरल्या चुलत्याकडे, आणि लिहून देणाऱ्याचा पत्ता "हल्ली राहणार नासिक". दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर. मुली १९३१ च्या कागदात नाहीत, असतील असे वाटलेही नव्हते.

५ ऑगस्ट

हद्दींचा तक्ता केला. नाशिक जिल्हा १८६९ चा. त्याआधीचा मुलूख नगर आणि खानदेशात विभागलेला, त्यामुळे बागलाण-मालेगावकडच्या घराण्यांनी जुन्या कागदांसाठी खानदेशाचे नाव डोक्यात ठेवावे. पेठ १८७८ मध्ये खालसा झाले, सुरगाणा १९४८ पर्यंत संस्थान. त्र्यंबकेश्वर आणि देवळा हे तालुके तर १९९९ चे. आपले गाव निफाडात असल्याने यातले काही लागले नाही.

१९ ऑगस्ट

मोडी. गावाकडच्या कागदांत दोन पाने मोडीत: एक वाटणीचे, एक कर्जरोखा. मोडी येणाऱ्याकडे नुसते फोटो पाठवून मोकळे होणे सोपे. पण वाचणाऱ्याला गाव आणि माणसांची नावे ठाऊक नसतात, आणि नेमकी विशेषनामेच चुकतात. म्हणून आपल्यापैकी एकाने बरोबर बसायचेच.

रीत अशी ठेवली. ए-३ आकाराची मोठी प्रत काढायची, प्रत्येक ओळीला क्रमांक द्यायचा. आधी अर्थ लावायचा नाही, ठरलेले शब्द शोधायचे: मौजे, तालुके, नासिक, बिन, शके, सन, रुपये, सही. ते एकदा सापडले की त्याच लिहिणाऱ्याच्या हातची वीस-बावीस अक्षरे खात्रीची मिळतात. त्यांचा तक्ता शेजारी ठेवून बाकीचे वाचायचे. पुस्तकातल्या मुळाक्षरांवरून सुरुवात केली तर आंग्लकाळातल्या कारकुनी वळणापुढे डोके फिरते.

मोडीत शब्दांमध्ये जागा नसते, विरामचिन्हे नसतात, ओळ संपली की शब्द मध्येच तुटतो. वेलांटी बहुधा दीर्घच, उकार बहुधा ऱ्हस्वच. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घावरून दोन नावे वेगळी ठरवायची नाहीत. लिप्यंतर करताना जसे आहे तसे, शंका असेल तिथे चौकटी कंस आणि प्रश्नचिन्ह. अंदाजाने भरलेला शब्द एकदा साध्या अक्षरात टंकला की तो अंदाज होता हे कोणालाच आठवत नाही.

कालगणनेचा तक्ता भिंतीवर लावला. इसवी सन काढायला शके + ७८, आणि पौषाचा उत्तरार्ध ते फाल्गुन या भागात + ७९, कारण वर्ष पाडव्याला बदलते आणि जानेवारी मध्येच येतो. माघ शके १८१८ म्हणजे १८९७, १८९६ नव्हे. फसली (महसुली वर्ष) + ५९० (जूनपासून डिसेंबरपर्यंत), पुढे मेअखेर + ५९१. सुहूर किंवा अरबी सन + ५९९, पुढे ६००. तो बहुधा शब्दांत येतो: "इसन्ने सबैन मया व अलफ" म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, बेरीज ११७२, इसवी १७७१–७२. तारखेआधीचे "छ" हे चंद्राचे, त्यापुढे मुसलमानी महिना येतो. संवत्सराचा ताळा असा: शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचे, बाकी उरेल तितवे संवत्सर प्रभवापासून मोजायचे. आजचे शके १९४७: १९५९ भागिले ६०, बाकी ३९, विश्वावसु. जुळते.

वाटणीपत्र वाचून झाले. वर्ष वाळवीने खाल्लेले, संवत्सराचे नाव शाबूत: दुर्मुख. शके १८१८, बाकी ३०, दुर्मुख. हेच नाव ६० वर्षे आधीही येते, पण कागदावरचा मुद्रांक पाहता शके १७५८ शक्य नाही. म्हणून १८९६–९७.

२ सप्टेंबर

रामकुंड. पितृपक्ष ८ ते २१ सप्टेंबर, त्या दिवसांत तीर्थपुरोहितांना मान वर करायला सवड नसते. म्हणून आधीच गाठले. श्रावणी सोमवारी त्र्यंबकला जाणेही याच कारणाने टाळले होते.

यजमान घराण्यांच्या नोंदी वहीत ठेवणारा आपला पुरोहित शोधायचा तो गावावरून. गाव, तालुका, जात, मग आडनाव, या क्रमाने विचारले की तिसऱ्या माणसाने "ते यजमान अमक्यांकडे" म्हणून दिशा दाखवली. जाताना तीन पिढ्यांचा तक्ता मोठ्या अक्षरात लिहून नेला होता. पुरोहित तो पाहून वही काढतात, तोंडी सांगितलेल्या नावांवर वेळ जातो.

वहीतली नोंद अशी असते: कोण आले, त्याचा बाप, आजा, काही वेळा पणजा, सख्खे आणि चुलत भाऊ, मुलगे, गाव, कशासाठी आले, तिथी, आणि लिहिता येत असेल तर यजमानाची स्वतःची सही. उतरवून घेताना वहीची खूण, पान, नोंदीची तिथी आणि अक्षर कोणाचे हे चौथे, चारही लिहिले. अक्षर महत्त्वाचे, कारण जुन्या वह्या जीर्ण झाल्या की नव्या वहीत नक्कल करतात आणि नकलेत एखादी पिढी गळू शकते. एकाच हाताने, एकाच शाईने सलग साठ वर्षांच्या नोंदी दिसल्या तर ती नक्कल समजावी.

फोटो विचारूनच. एका पानावर दुसऱ्या घराण्याच्या नोंदीही होत्या, त्या कागदाने झाकून फोटो घेतला. दक्षिणा दिली आणि आपली आजची नोंदही लिहिली: हयात पिढी, लेकी-सुनांसह. पूर्वीच्या नोंदींत बायका "मातुश्री" किंवा "कुटुंब" एवढ्यावरच भागवलेल्या. नवी नोंद तशी करण्याचे काही कारण नाही.

मिळाले ते असे. शके १८४०, कालयुक्त संवत्सर, अश्विन वद्य: व्य-०१४ आणि व्य-०१५ भावाच्या अस्थी घेऊन आले, मयत भावाचा मुलगा एक, लहान. वर बाप व्य-०१२, आजा, पणजा. संवत्सराचा ताळा: १८५२ भागिले ६०, बाकी ५२, कालयुक्त. म्हणजे १९१८ च्या ऑक्टोबरची अखेर ते नोव्हेंबरची सुरुवात. मानमोडी म्हणणारा बरोबर होता. आजा म्हणजे व्य-०१२ चा बाप, पहिल्या प्रश्नाचे उत्तर. त्याला नवा क्रमांक दिला, खालचा एकही आकडा हलला नाही.

१६ सप्टेंबर

नोंदवहीवाल्याचा आक्षेप. त्याच वहीत शके १७९४ (अंगिरा, १८७२–७३) मध्ये व्य-०१४ च्याच नावाचा, त्याच बापाच्या नावाचा माणूस आला आहे. गावाकडच्या एका तयार वंशावळीत हे दोघे एकच धरून मधल्या दोन पिढ्या गाळल्या आहेत. १८७२ मध्ये स्वतः यात्रा करणारा माणूस १९३१ मध्ये बापाचा वारस म्हणून नाव लावून घेतो, हे अशक्य. १८७२ चा तो व्य-०१४ चा आजा, नाव पुन्हा आलेले. तीस वर्षांचा नियम इथे उपयोगी पडला.

पुराव्याच्या तीन खुणा ठरवल्या. "प्र" म्हणजे घटनेच्या वेळी, माहिती असणाऱ्याने केलेली नोंद. "ऐ" म्हणजे ऐकीव किंवा नंतरची. "अ" म्हणजे आपले अनुमान. खूण माणसाला नाही, विधानाला द्यायची. मृत्यूच्या नोंदीत मृत्यूची तारीख "प्र", पण त्याच ओळीतले वय "ऐ".

कुलदैवत, देवक आणि गोत्र हे रकाने ठेवले, पण "अ" च्या वर चढवायचे नाही असे ठरले. वणीची सप्तशृंगी निम्म्या जिल्ह्याची कुलदेवी आहे. तेवढ्यावरून दोन घराणी एक होत नाहीत.

७ ऑक्टोबर

जन्म-मृत्यू आणि शाळा. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून. त्याआधी गावात गाव नमुना १४, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून या रजिस्टरांची बरीच छाननी आणि स्कॅनिंग झाले. जातीच्या दाखल्यासाठी झालेले काम वंशावळीलाही चालते, फक्त तिथे शोध "कुणबी" या शब्दाचा होता, आपल्याला पूर्ण ओळ हवी.

जन्माच्या ओळीत बाळाचे नाव शोधून उपयोग नाही. नोंद बारशाआधी होते, रकान्यात नुसते "मुलगा" किंवा "मुलगी". शोधायचा तो बाप, आणि त्याच बापाच्या पुढच्या-मागच्या पाच वर्षांतल्या सगळ्या ओळी, म्हणजे लहानपणी गेलेली भावंडेही सापडतात. शहरातल्या नोंदी पाहताना ध्यानात ठेवायचे: महापालिका ७ नोव्हेंबर १९८२ ची, त्याआधी नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या वेगळ्या नगरपालिका होत्या. जुने रजिस्टर कोणत्या हद्दीचे ते आधी विचारावे.

शाळेचे जनरल रजिस्टर: व्य-०२१ ची जन्मतारीख १ जून १९१५. एक जूनला अर्धा महाराष्ट्र जन्मला आहे, कारण शाळा जूनमध्ये उघडते आणि प्रवेशाला वय पुरे दाखवायचे असते. तारीख "ऐ", फक्त वर्ष "साधारण" म्हणून घेतले. १९१३ ते १९१८ या पट्ट्यात ते बसते. याच ओळीत "यापूर्वीची शाळा" हा रकाना आहे. तिथे मूळ गाव, आणि नाशकातल्या शाळेत प्रवेश १९२६. १९४३ ची खरेदी ही स्थलांतराची तारीख नव्हतीच. विधवा आई मुलाला घेऊन त्याआधी १७ वर्षे इथे आलेली. बहुधा माहेरी. शेरा "अ".

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. लेकींची माहिती घ्यायला याहून चांगला दिवस नाही, तीन पिढ्यांच्या बहिणी एका घरात असतात. प्रत्येकीला चारच प्रश्न: माहेरचे पाळण्यातले नाव, लग्नातले नाव, सासरचे गाव, आत्याचे गाव. आत्याच्या गावावरून मागची पिढी आपोआप येते.

कागदांची बाजू अशी. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ पासून. त्याआधीच्या वारस फेरफारात लेकी बहुधा नसतात, त्यानंतरच्यात सासरच्या नावागावासकट असतात. लगोलग दुसरा फेरफार असतो हक्कसोडपत्राचा, ज्यात त्याच बहिणींची नावे कमी होतात. या दुसऱ्याची नक्कल जरूर घ्यावी, त्यात वये आणि पत्ते असतात. व्य-०१४ च्या १९६२ च्या वारस फेरफारातून चार लेकी मिळाल्या: दोन सिन्नर तालुक्यात, एक येवल्यात, एक चांदवडकडे. व्य-०१२ च्या लेकी मात्र कुठल्याच महसुली कागदात येणार नाहीत. त्यांच्यासाठी सासरच्या गावच्या पुरोहिताची वही, कारण तिथे "मामा" म्हणून भावांची नावे काही वेळा असतात.

११ नोव्हेंबर

साठवण. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक नाशिकबाहेर. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग दप्तर, मग गाव, मग क्रमांक. नाव रोमन अक्षरांत, कारण देवनागरी नावांच्या फाइली एकत्र बांधून पाठवल्या की काही संगणकांवर नावे मोडतात. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा आणि पत्ते छापील तक्त्यात नाहीत, आधार आणि रेशनकार्डांचे स्कॅन वेगळ्या कुलूपबंद फोल्डरात.

छापील तक्ता सहा पिढ्यांचा, ८४ माणसे. "अ" खुणेची नावे तुटक रेघेत. भावकीत वाटताना प्रत्येक प्रतीसोबत एक कोरा कागद, चुका लिहून परत करायला. पहिल्या आठवड्यात नऊ कागद आले, त्यातल्या सहा दुरुस्त्या लग्नपत्रिकांवरून खऱ्या ठरल्या, दोन ऐकीव म्हणून ठेवल्या, एक नाकारली.

बाकी: त्र्यंबकची वही. तिथले पुरोहित वेगळे, वह्या वेगळ्या, रामकुंडावर नाही ते तिथे असू शकते. सिंहस्थाची गर्दी २०२६ च्या अखेरीपासून, त्याआधी जायचे. व्य-०२१ च्या आईचे माहेर: जुन्या नाशकातल्या घराच्या मालमत्ता पत्रकावरून सिटी सर्व्हेची चौकशी नोंदवही पाहायची, अर्ज तयार आहे, सिटी सर्व्हे नंबर घरपट्टीच्या पावतीवरून ताडून घ्यायचा राहिला.